पायांचा तास

वाफ्यांत मीठ पांढरं धरलं आणि त्याच दुपारी खाडीच्या अंगाला ढग दिसले. अवेळचे ढग. धाकटीनं लांब दांड्याची फळी ओढता ओढता मान वर केली, एकदा बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली. मिठावरची माणसं आभाळाकडे फार वेळ बघत नाहीत. बघितलं की ते जवळ येतं म्हणतात.

तिला धाकटी म्हणायचे ते जावेमुळे. थोरली जाऊ नवऱ्याला घेऊन शहरात गेली त्याला वर्षं लोटली, पण ही धाकटीची धाकटीच राहिली. हिच्या नवऱ्याला सगळे मुका म्हणायचे. तो बोलायचा, पण इतक्या उशिरा की तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असायचा.

मुकादम बांधावरून चालत आला. मिठागरात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालणारा तो एकटाच. बाकीच्यांचे पाय उघडे. खाऱ्या पाण्यानं टाचा उकललेल्या आणि भेगांत मिठाचे कण बसलेले.

"उद्या उजाडायच्या आत सगळे हात वाफ्यावर पाहिजेत," तो म्हणाला. "सगळे म्हणजे पोरंटोरंसुद्धा. पावसाआधी राशी लागल्या नाहीत तर मालकाला काय तोंड दाखवू मी?"

"उद्या शाळेत तपासणी आहे," धाकटी म्हणाली.

"मग?"

"बाईंनी सांगितलंय, एकही मूल घरी ठेवू नका."

"वाफा बाई देतात का मी देतो?" मुकादम हसला. आवाज न चढवता बोलण्याची त्याची पद्धत होती. "माझी कुणावर जबरदस्ती नाही. फक्त कुणाचे किती हात आले ते माझ्या ध्यानात राहतं. वाटपाच्या वेळी आठवतं."

त्याची स्वतःची मुलगी उद्या वाफ्यावर येणार का, हे विचारणं सगळ्यांच्या ओठांवर आलं आणि सगळ्यांनी ते गिळलं.

संध्याकाळी मोठ्या बाई घरोघर फिरल्या. शाळेत त्या आणि एक नवे सर, एवढी दोघंच. धाकटीच्या दारात त्या आल्या तेव्हा त्यांच्या साडीचा काठ चिखलानं माखला होता. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"उद्या मुंगीला वेळेवर पाठव. आणि हे बघ, उद्या पायांचा तास नाही. पाय घरूनच स्वच्छ करून पाठव. बूट असतील तर घाल."

"पायांचा तास नाही?" मुंगीनं विचारलं. धाकटीची आठ वर्षांची पोर, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून मुंगी. "मग शाळा सुरू कशी होणार?"

"घंटेनं होणार. सगळीकडे होते तशी."

मिठाच्या हंगामात निम्मी मुलं पहाटे आईबापांबरोबर वाफ्यावर जाऊन मग शाळेत यायची. खाऱ्या पाण्यानं पाय चिरलेले असायचे. बाकावर बसलं की झोंबायचे. काही वर्षांपूर्वी बाईंनी व्हरांड्यात पत्र्याचा टब ठेवला, त्यात गोडं पाणी भरलं आणि शेजारी तेलाची बाटली ठेवली. मोठ्या मुलानं लहान मुलाचे पाय धुवायचे, कोण कुणाच्या घरचं ते बघायचं नाही, हा नियम. धुणाऱ्यानं विचारायचं, "काल काय झालं?" आणि बसलेल्यानं सांगायचं. काही नसलं तर काही नाही म्हणायचं. पाय दुसऱ्याच्या हातात असला की पोरं बोलतात. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाचा बाप हात उगारतो, कुणाची आई अंथरुणाला खिळलीय, हे बाईंना तिथूनच कळायचं आणि दुपारपर्यंत त्या त्या घरी जाऊन यायच्या. मुलांनीच त्याला पायांचा तास म्हणायला सुरुवात केली.

गेल्या तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र घड्याळ बघितलं होतं. अभ्यास उशिरा सुरू होतो, मुलं वाचनात मागे आहेत, असा शेरा मारून गेले. आता पुन्हा तसाच शेरा पडला तर शाळेला कुलूप, आणि मुलं खाडीपलीकडच्या मोठ्या शाळेत.

खाडीपलीकडे मुंगीला सोडायला आणि आणायला घरात माणूस नव्हतं. म्हणजे ती वाफ्यावर येणार. धाकटी स्वतः मुंगीएवढी असताना वाफ्यावर आली होती, थोडे दिवस म्हणून. फळी एकदा हातात आली की सुटत नाही.

"इकडे आड तिकडे विहीर," बाई गेल्यावर सासू म्हणाली. "मुकादमाला दुखवलंस तर वाफा जाईल. बाईला दुखवलंस तर शाळा जाईल. कुणाला दुखवतेस बोल."

"कुणालाच नाही. पहाटे वाफ्यावर नेते, घंटेच्या आत शाळेत पाठवते."

"आणि पाय?"

धाकटीनं पदर खोचला आणि ती मुकादमाच्या घरी गेली. मुंगी मागोमाग आली. तिला तिनं फाटकाबाहेर थांबायला सांगितलं.

मुकादमाची बायको दारात आली. धाकटीनं विचारलं तेव्हा तिनं आधी धाकटीच्या पायांकडे बघितलं, मग पायरीवर उमटलेल्या पांढऱ्या ठशांकडे.

"बूट? आमच्या ताईचे जुने आहेत. तुझ्या पोरीला व्हायचे नाहीत."

"होतील. एका दिवसापुरते."

तिनं आतून बूट आणून पायरीवर ठेवले, हातात दिले नाहीत. "परत देताना धुऊन दे. आणि पायरी तेवढी पुसून जा."

धाकटीनं पदरानं पायरी पुसली. फाटकाशी आली तेव्हा मुंगी दुसरीकडेच बघत होती.

पहाटे वारा पडला होता. पाणी वाफ्यात काचेसारखं थांबलेलं. मुका फळीनं मीठ ओढायचा, धाकटी टोपल्या भरायची, सासू बांधावर रास थापायची आणि मुंगी लहान टोपली डोक्यावरून वाहायची. मुकादम एकदा येऊन हात मोजून गेला. मुंगीकडे बघून त्यानं मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी.

उजाडलं तसं धाकटीनं मुंगीला बांधावर बसवलं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जुनी चीर होती, ती उघडली होती. घरचं गोडं पाणी पिण्यापुरतंच आणलेलं, त्यातलं थोडं ओतून पाय पुसला, वर चिंधी बांधली आणि बूट चढवायला घेतला. चढेना. मुंगीनं दातांखाली ओठ धरला.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखलं तरी काढायचा नाही. कुणी विचारलं तर वाफ्यावर जात नाही म्हणायचं."

"बाईंनी विचारलं तर?"

"बाई विचारणार नाहीत आज."

मुंगी बांधावरून चालत गेली. पाऊल टाचेवर टाकत होती. धाकटी ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, मग खाली वाकली.

दुपारी पालकांना बोलावलं होतं. तोवर ढग अर्ध्या आभाळावर आले होते आणि खाडीचा रंग शिशासारखा झाला होता. वाफ्यातलं अजून बरंच मीठ ओढायचं राहिलं होतं. ताडपत्री एकच, तीही फाटकी. मुक्यानं मानेनंच खुणावलं, जा. धाकटी बांधावर चढली तर समोर मुकादम.

"जा, जा. शाळेत जाऊन बस," तो म्हणाला. "पाऊस काय, तुला विचारूनच येईल."

शाळेत शिरताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. व्हरांडा कोरडा होता. टब नेहमीच्या जागी नव्हता. तिथं फरशीवर नुसती गोल खूण होती, वर्षानुवर्षं टब ठेवून पडलेली. आत भिंतीला नवा चुना, मुलं ताठ बसलेली, सगळ्यांच्या पायात काही ना काही. बापाचे, भावाचे, मागून आणलेले. एकाच्या दोन पायांत दोन तऱ्हेचे. वर्गाला चुन्याचा आणि ओल्या चामड्याचा वास येत होता.

तपासणीच्या मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. केस पिकलेले, चष्मा दोरीला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पालक भिंतीला टेकून उभे राहिले.

"मुलांना शाळेत काही लागलं, खुपलं, तर काय करतात?" मॅडमनी विचारलं.

पालकांनी एकमेकांकडे बघितलं. अभ्यासाशिवाय कशाचं नाव काढायचं नाही, असं आपसात ठरलेलं होतं.

"शाळेत कुणाला लागत नाही," एका पोराचा बाप, बैलगाडीवाला, म्हणाला.

"कुणालाच नाही?"

"नाही. अभ्यासातून सवडच नसते."

"एखादं मूल घरून रडत आलं तर?"

"आमची मुलं रडत नाहीत, मॅडम," कुणाची तरी आई ठणकावून म्हणाली. "रडली तर घरी बघतो आम्ही."

मॅडमनी लिहिलं. मोठ्या बाई खडूचा तुकडा बोटांत फिरवत होत्या. धाकटीला त्यांची नजर चुकवावीशी वाटली. आपण सगळे मिळून काहीतरी बुडवतोय हे तिला कळत होतं, पण नेमकं काय ते सापडत नव्हतं.

"व्हरांड्यात ती गोल खूण कसली?"

"कुंडी होती," बाई म्हणाल्या. "फुलझाडाची."

मागच्या बाकावर कुणीतरी श्वास ओढून घेतला. बाई खोटं बोलल्या होत्या आणि ते वर्गातल्या प्रत्येक मुलाला कळलं होतं.

बाहेर लांब गडगडलं. पालकांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. मॅडमनी त्याही माना बघितल्या. "फार वेळ घेत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग घेतलाच. वाचन बघायचं होतं. दोन मुलं अडखळत वाचून गेली. मग त्यांनी मुंगीकडे बोट केलं. "तू ये पुढे."

मुंगी उठली. बाकापासून टेबलापर्यंतचं अंतर ती पायाची कड टेकवत चालली. पुस्तक हातात घेतलं, पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीला आवाज बसला. ती शब्दाला अडली नव्हती. तो धडा तिनं घरी आजीला इतक्या वेळा ऐकवला होता की आजीलाही पाठ झाला होता. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"बस, बस. घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या आणि पेन उचललं.

ते पेन कागदाला टेकायच्या आत धाकटी भिंतीपासून सुटली. आपण काय करतोय याचा तिनं विचार केला नाही. केला असता तर तिथंच थांबली असती. तिनं मुंगीला उचलून टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसवलं, खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडली. बूट निघेना. ओढला तेव्हा चिंधीसकट निघाला. चिंधी लाल झाली होती.

"ती घाबरली नाही, मॅडम," धाकटी म्हणाली. "पहाटे वाफ्यावर होती. मीच नेली होती. बूट पण तिचे नाहीत."

बैलगाडीवाल्यानं कपाळावर हात मारला. आता संपलं, असं तो पुटपुटला आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मागून पत्रा फरशीवर घासल्याचा आवाज आला.

मुकादमाची मुलगी, ताई, कधी उठली ते कुणी बघितलं नव्हतं. सामानाच्या खोलीतून ती टब ओढत आणत होती. "ताई, थांब," बाई म्हणाल्या. नंतर मात्र दारात जाऊन पाण्याची कळशी त्यांनी स्वतःच उचलून आणली. नवे सर तेलाची बाटली शोधायला धावले.

ताई खाली मांडी घालून बसली. मुंगीचा पाय तिनं पाण्यात धरला. मुंगी एकदा कण्हली.

"काल काय झालं?" ताईनं विचारलं. रोज विचारायची तसंच, कामातली मान वर न करता.

मुंगीनं पाण्यातली बोटं आखडून घेतली. "काल आई बूट मागायला तुझ्याकडे आली होती. मी फाटकाबाहेर होते."

"माहीत आहे. मी आत होते." ताईनं अंगठ्याखालची चीर हळूच उघडून धुतली. "हे बूट मलाही चावायचे."

कुणी सांगितलं नव्हतं, पण बाकांखाली खुडबुड सुरू झाली. नाड्या सुटत होत्या. मुलं बूट काढून व्हरांड्यात जाऊन बसत होती, रोजच्या जागी, रोजच्या ओळीत. मोठी लहानांसमोर वाकत होती. "काल काय झालं?" "काल काय झालं?" मॅडम खुर्चीतून उठून दाराशी उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा काढला नाही आणि पेनही उचललं नाही.

तेवढ्यात पत्र्यावर पहिले थेंब वाजले.

पालक दाराकडे धावले. एकमेकांना ढकलत, चपला न शोधता सगळे पळाले. धाकटीचेही पाय दाराकडे वळले. मुंगीनं तिचा पदर धरला होता. दुसरा पाय अजून धुवायचा होता.

धाकटी थांबली. पाऊस वाढत होता. ताईनं दुसरा पाय धुतला, पुसला, चिरेत तेल भरलं, स्वच्छ फडकं बांधलं. त्यातली एकही गोष्ट तिनं घाईनं केली नाही. मग मुंगीनं पदर सोडला.

वाफ्यावर पोचली तेव्हा समोरचं दिसत नव्हतं. बांध निसरडा झाला होता. वाफ्यातलं ओढायचं राहिलेलं मीठ पाण्यात मिसळून गेलं होतं. राशीवर ताडपत्री होती, आणि वाऱ्यानं ती उडू नये म्हणून सासू तिच्यावर पालथी पडली होती, हातपाय फाकून, पालीसारखी. मुका दुसरं टोक धरून उभा होता. त्याच्या अंगावरून पाणी वाहत होतं.

"आलीस का शिकून?" सासू तिथूनच ओरडली. "पहिली आलीस का नापास?"

धाकटी तिच्याशेजारी ताडपत्रीवर पडली. खालचं मीठ अजून उन्हानं उबदार होतं. फाटक्या जागेतून पाणी आत शिरत होतं. तिथं तिनं पोट दाबून धरलं. पाऊस थांबला तेव्हा रास निम्मी उरली होती.

बूट तिनं दोनदा धुतले. आतला डाग गेला नाही. मुकादमाच्या बायकोनं आत हात घालून बघितलं आणि ते फाटकाबाहेर टाकून दिले. ताईला दोन दिवस शाळेत पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन आली, पायांच्या तासाआधी.

वाफे निथळून कोरडे होईपर्यंत काम बंद होतं. एका सकाळी मुका जेवता जेवता म्हणाला, "मुंगी नको आता वाफ्यावर."

"हे कधीपासून मनात आहे?" सासूनं विचारलं.

त्यानं घास गिळला. "तपासणीच्या दिवसापासून."

मुकादमानं वाफे नव्यानं वाटले. धाकटीच्या घराला कोपऱ्यातला मिळाला, नाल्याच्या तोंडाशी, जिथं चिखल मुरतो आणि मीठ काळसर धरतं. मुकादमानं कारण सांगितलं नाही. मुक्यानं बांधावर उभं राहून वाफा बघितला. मग तिघं घरी आली. मुंगीला कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. तपासणीचा अहवाल आला होता. व्हरांड्यात माणसं दाटीवाटीनं बसली. बाईंनी वाचलं, "विद्यार्थ्यांची मायेने घेतली जाणारी काळजी आणि गावाशी असलेले दृढ नाते ही या शाळेची बलस्थाने आहेत."

"म्हणजे पास का नापास?" सासूनं विचारलं.

"दोन्ही, आजी. वाचन कच्चं, गणित कच्चं. त्यात काही खोटं नाही. शाळा राहणार. वर्षानं पुन्हा येतील, तोवर सुधारायचं. नाहीतर कुलूप आहेच." बाई थांबल्या, पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली. "आणि लिहिलंय, मुलांनी एकमेकांचे पाय धुण्याची पद्धत हृद्य आहे; मात्र तशी गरजच पडू नये, ही जबाबदारी शाळेची नव्हे."

"मग कुणाची?" बैलगाडीवाला म्हणाला.

सगळे खाली बघत होते आणि खाली सगळ्यांचे पायच होते.

माणसं उठू लागली. धाकटी भिंतीला हात लावून उभी राहिली तर मुंगी टब ओढत तिच्यासमोर आली.

"बस."

"वेडी का तू? लोक बघतायत."

"बस ना."

"नियम लहानांसाठी आहे. आणि काय उपयोग? उद्या पुन्हा तेच होणार."

"आमचं रोज पुन्हा तेच व्हायचं," मुंगी म्हणाली.

सासूनं धाकटीला कोपर मारलं. "बस गं. फुकटचं पाणी आहे." धाकटी बसली. साडी घोट्यावर घेतली. टाचांच्या भेगा उघड्यावर आल्या तसे तिनं पाय आत ओढले. मुंगीनं ते धरून पाण्यात ठेवले. पाणी झोंबलं, मग गार लागलं. बाई अहवालाची घडी करत होत्या. त्यांनी इकडे बघितलं नाही.

"काल काय झालं?" मुंगीनं विचारलं.

मुंगीनं घाई केली नाही. भेगेतला मिठाचा कण ती अंगठ्यानं काढत राहिली.

"काल आपल्याला कोपऱ्यातला वाफा मिळाला," धाकटी म्हणाली. "चिखलाचा."

"मग?"

"मग काही नाही. त्यालाही मीठ धरतं." तिनं पाय सैल सोडले. "उशिरा धरतं."